मुक्काम तंजावर

भूगोलाच्या शिक्षिकेने नदीविषयीच चुकीचे सांगावे आणि तेही वर्षानुवर्षे, ही काही अभिमानाने सांगण्याजोगी गोष्ट नाही. परंतु या लेखाची सुरुवात तिथूनच करायला हवी. सोलापूरच्या एका शाळेत मी भूगोल शिकवत असे. दक्षिणेकडील नद्यांचा पाठ आला की मी मुलांना मोठ्या आत्मविश्वासाने सांगे, "आपली सीना उन्हाळ्यात कोरडी पडते, पण तंजावरकडची कावेरी पाहा, बारा महिने दुथडी भरून वाहते. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे." यातले शेवटचे वाक्य खरे होते. डिसेंबर २००७ मध्ये मी कावेरी पाहिली होती. सहलीच्या बसच्या खिडकीतून, पुलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

ती सहल दहा दिवसांत चौदा गावांची होती. पहाटे पाचला चहा, साडेपाचला बस. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरासाठी चाळीस मिनिटे ठरली होती. राजराज चोळाने इ. स. १०१० मध्ये पूर्ण केलेले ते मंदिर, सुमारे ६६ मीटर उंचीचे त्याचे विमान, समोरचा अवाढव्य नंदी, हे सारे आम्ही मान वर करून, छायाचित्रे काढत, घाईघाईने पाहिले. बसकडे परतताना आवाराच्या नैर्ऋत्य कोपऱ्याकडच्या भिंतीवर मला कोरीव अक्षरे दिसली. सगळीकडे तमिळ अक्षरे पाहून डोळे सरावले होते. ही मात्र वाचता येत होती. ती मराठी होती! मी थांबून पहिली ओळ लावू लागले, तोच सहल-व्यवस्थापकाची शिट्टी वाजली. ओळ तिथेच राहिली. त्या सहलीतले पुढे काय आठवते म्हणाल, तर तिरुचिरापल्लीला जेवणात मिळालेला अननसाचा शिरा.

निवृत्तीनंतर पुन्हा प्रवासाचा विचार मनात आला, तेव्हा मी ठरवले की आता गावे गोळा करायची नाहीत. एका प्रदेशात एकच बिऱ्हाड करायचे. तिथून सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल एवढेच फिरायचे आणि ज्या दिवशी जावेसे वाटणार नाही त्या दिवशी घरीच बसायचे. दोन महिन्यांच्या खोलीचे भाडे दहा दिवसांच्या सहलीच्या खर्चापेक्षा कमी पडते, हेही हिशेब केल्यावर ध्यानात आले. मुलगा म्हणाला, "अगं आई, दोन महिने तंजावरात करशील काय?" याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. भिंतीवरची ती ओळ वाचायची राहिली आहे, असे सांगितले असते तर तो हसला असता.

मे २०२३ च्या अखेरीस मी निघाले. चेन्नईच्या एळुंबूर स्थानकावरून रात्री तंजावरची गाडी सुटते. तिचे नाव 'उळवन एक्स्प्रेस'. उळवन म्हणजे शेतकरी. गाडीला शेतकऱ्याचे नाव का दिले असावे, ते सकाळी उजाडल्यावर कळेल अशी माझी कल्पना होती. परंतु कुंभकोणम सोडल्यावर खिडकीबाहेर जी शेते दिसली ती बहुतेक नांगरून उघडी ठेवलेली, तांबूस-करडी होती. हिरवाई शोधावी लागत होती. मला वाटले, हा पट्टा जिरायती असेल.

राजवाड्याच्या पश्चिमेला मेल वीदी नावाचा जुना रस्ता आहे. तिथल्या एका घराची माडी मला मिळाली. घरमालकीण ऐंशीच्या पुढच्या आजी. दार उघडताच त्या म्हणाल्या, "या बाई, आत या." क्षणभर मी सोलापुरातच असल्यासारखे वाटले. शब्द मराठी, परंतु चाल तमिळ. वाक्य शेवटाकडे किंचित वर उचललेले. व्यंकोजीराजांनी १६७६ मध्ये तंजावरला भोसल्यांची गादी स्थापन केली आणि ती १८५५ पर्यंत टिकली. त्या काळात महाराष्ट्रातून गेलेल्या कुटुंबांपैकी अनेकांच्या घरी आजही मराठी बोलतात. आजी मराठी बोलत, पण लिहिण्याची वेळ आली की तमिळ लिहीत. वाण्याची यादीसुद्धा तमिळमध्ये. पहिल्याच दिवशी त्यांनी जेवायला उडदाच्या पिठाची दह्यातली डांगर पचडी केली. माझी आजी अशाच पिठाला दही लावून डांगर करी. तिच्या मागे आमच्या घरात ते कोणी केलेले नव्हते.

पहिला आठवडा मी अगदी सहलीतल्यासारखा घालवला. सवय लगेच सुटत नाही. सरस्वती महाल ग्रंथालयाचे दालन पाहिले. दुसऱ्या सरफोजीराजांनी, म्हणजे १७९८ ते १८३२ या काळात राज्यावर असलेल्या राजाने, हा संग्रह वाढवला. ताडपत्रे, संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखिते, मोडीतले कागद. इंग्रजांनी राज्यकारभार काढून घेतल्यावर या राजाच्या हाती किल्ला आणि भोवतालचा थोडा मुलूखच उरला होता. त्या मोकळ्या वेळात त्याने पुस्तके जमवली. भिंतीवरचा तो मराठी लेखही त्यानेच १८०३ मध्ये कोरवून घेतला. त्यात भोसले घराण्याचा इतिहास आहे.

मग मी रोज पहाटे मंदिरात जाऊ लागले. सकाळी दहानंतर आवारातला दगड असा तापतो की अनवाणी पाय ठेववत नाही. म्हणून सहा ते आठ ही माझी शाळा. जुन्या रीतीप्रमाणे शब्दाला शब्द चिकटलेला. कुठे अक्षर झिजलेले, कुठे काजळी धरलेली. पहिल्या दिवशी अडीच ओळी लागल्या. एका पहारेकऱ्याने दोन दिवस माझ्याकडे संशयाने पाहिले. तिसऱ्या दिवशी त्याने विचारले, यात काय लिहिले आहे? मी मोडक्यातोडक्या तमिळमध्ये सांगितले, राजाच्या आजोबा-पणजोबांची गोष्ट. तो म्हणाला, एवढी मोठी? आणि निघून गेला.

तिरुवैयारूला मी पहिल्यांदा गेले ती दुसऱ्या आठवड्यात. तंजावरपासून तेरा किलोमीटर. तमिळनाडूत २०२१ पासून साध्या नगर-बसमध्ये स्त्रियांना भाडे पडत नाही. वाहक तिकीट देतो, पैसे घेत नाही. या गावाच्या नावाचा अर्थ पाच पवित्र नद्या. संत त्यागराज (१७६७–१८४७) इथेच राहिले, इथेच कावेरीकाठी त्यांची समाधी आहे. बसच्या खिडकीशी बसून मी नद्या मोजू लागले. वडवारू, वेण्णारू, वेट्टारू, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. पाचवी नदी कोणती, याविषयी मला गावात दोन मते मिळाली. कोणी वडवारू धरतात, कोणी अरसलारू. पण माझे लक्ष मोजणीवरून केव्हाच उडाले होते. पुलामागून पूल जात होते आणि खाली पाणीच नव्हते. कुडमुरुट्टीत गवत वाढले होते, त्यात शेळ्या चरत होत्या. कावेरीच्या पुलावर बस हळू झाली. मी वाकून पाहिले. वाळू! या काठापासून त्या काठापर्यंत पांढरी, तळपती वाळू आणि तिच्यात तीन दांड्या रोवून मुले क्रिकेट खेळत होती.

संध्याकाळी मी आजींना म्हणाले, "कावेरी आटली की हो!" आजी हसू लागल्या. "बाई, आटली नाही. अजून यायची आहे."

त्या बोलण्याचा अर्थ नीट समजायला मला आठवडा लागला. कोडगूच्या डोंगरात उगम पावणारी कावेरी इथे पोहोचण्याआधी मेट्टूरच्या धरणात अडते. १९३४ मध्ये ते धरण पुरे झाले, तेव्हापासून खालच्या त्रिभुज प्रदेशातली नदी धरणाच्या दारांप्रमाणे चालते. रिवाज असा की १२ जूनला दारे उघडायची आणि २८ जानेवारीला मिटायची. धरणात पाणी कमी असेल तर तारीख पुढे जाते. मधल्या चार महिन्यांत नदीपात्रात वाळू असते. मी २००७ मध्ये पाहिली ती डिसेंबरातली कावेरी. ईशान्य मोसमी पाऊस पडून गेलेला, दारे उघडी. बस जूनच्या पहिल्या आठवड्यात गेली असती, तर मी अकरा वर्षे मुलांना याच्या उलट शिकवले असते आणि शेवटचे वाक्य तेच ठेवले असते.

माझ्या माजी विद्यार्थ्यांपैकी काहीजण आज पाटबंधारे खात्यात आहेत. त्यांनी कधी मला दुरुस्त केले नाही. कदाचित त्यांनी तो पाठ माझ्याइतका गंभीरपणे घेतला नसावा.

तिसरा आठवडा मात्र कठीण गेला, हे कबूल केले पाहिजे. अशा राहण्याचे गुणगान करणारे लोक ही गोष्ट सांगत नाहीत. नवेपण संपलेले असते आणि ओळख जुळलेली नसते. उकाडा असह्य. दुपारी रस्ते ओस पडत. रोज भात खाऊन ज्वारीच्या भाकरीची आठवण येई. मी दोनदा रेल्वेच्या वेळापत्रकात परतीच्या गाड्या पाहिल्या. घरी जाऊन "पाहिले तंजावर" असे म्हटले असते तर कोणी हरकत घेतली नसती.

त्याच आठवड्यात, केवळ घराबाहेर पडायचे म्हणून, मी सकाळच्या गाडीने कुंभकोणमला गेले आणि तिथून स्वामीमलैला. तिथे पंचधातूच्या मूर्ती ओतणारे स्थपती राहतात. एका कारखान्याच्या ओट्यावर मी दिवसभर बसले. वृद्ध कारागिराने नारळाच्या झावळीची एक पट्टी कापली, मूर्तीच्या उंचीएवढी. ती घडी घालून, पुन्हा घडी घालून त्याने तिचे भाग पाडले. तीच त्याची मोजपट्टी. मेण आणि राळ यांच्या मिश्रणाची मूर्ती आधी हाताने घडवायची. तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या मऊ मातीचा लेप द्यायचा, तो वाळला की आणखी जाड लेप. मग साचा तापवला की मेण वितळून वाहून जाते आणि उरलेल्या पोकळीत धातूचा रस ओततात. साचा फोडावा लागत असल्यामुळे एका साच्यातून एकच मूर्ती निघते. मी विचारले, "मातीच इथलीच का?" कारागीर म्हणाला की या मातीत मेणावरची रेघ न् रेघ उमटते. त्याने मला ती चिमूटभर बोटांत चोळायला दिली. पिठासारखी होती.

त्या दिवसानंतर मी वेळापत्रक पाहणे सोडून दिले.

आजींच्या ओळखीचा एक शेतकरी तिरुवैयारूच्या पलीकडच्या खेड्यात राहत असे. महिन्यातून दोनदा तो तांदूळ घेऊन येई. पाच एकर जमीन, त्यातली तीन एकर खंडाने केलेली. मी शिक्षिका असल्याचे कळल्यापासून तो मला 'टीचर अम्मा' म्हणे. आजींचा नातू आमच्यात दुभाषी. त्याच्याकडून मी भाताचा भूगोल शिकले. कुरुवै हे कमी मुदतीचे पीक, साधारण चार महिन्यांचे. ते जूनच्या पाण्यावर. सांबा हे लांब मुदतीचे, ते ऑगस्टनंतर. कुरुवैसाठी त्याने शेजाऱ्याच्या विंधन विहिरीवर रोपे टाकून ठेवली होती. पाणी वेळेवर आले तर लावणी. नाही आले तर रोपे जून होऊन वाया. बियाणे आणि खतासाठी बायकोची सोन्याची साखळी सहकारी संस्थेत गहाण होती. हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. तिथे ही दरवर्षीची रीत आहे.

मी सोलापूरची. उजनीच्या कालव्याला आवर्तन कधी सुटणार, या एका प्रश्नावर आमच्याकडे घरोघर बोलणी चालतात. त्यामुळे त्याच्या चेहऱ्यावरचे ते भाव मला परके नव्हते. त्याच्याकडून मी एक वाक्य शिकून घेतले, "तण्णी वंदाच्चा?" म्हणजे, पाणी आले का? बाजारात, बसमध्ये, मंदिराच्या दारात लोक एकमेकांना हेच विचारत होते. मीही विचारू लागले. गंमत अशी की त्या एका प्रश्नाने अनेक दारे उघडली. ज्या भाजीवालीने तोवर माझ्याशी बोटांच्या खुणांपलीकडे व्यवहार केला नव्हता, तिने मला स्टुलावर बसवून पाण्याची हकिगत सांगितली. निम्मीच समजली.

त्या वर्षी, १२ जून २०२३ रोजी, मेट्टूरची दारे ठरल्या तारखेला उघडली. तिथून निघालेले पाणी काही दिवसांनी कल्लणैला पोहोचते. कल्लणै म्हणजे दगडी बांध. करिकाल चोळाने सुमारे अठराशे वर्षांपूर्वी बांधला असे मानतात. तिथे कावेरीचे पाणी फाट्याफाट्यांत विभागले जाते. पाणी सोडताना त्यात फुले आणि भाताचे दाणे टाकतात. तो सोहळा वर्तमानपत्रात वाचला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच मी तिरुवैयारूची बस धरली. त्यागराजांच्या समाधीजवळच्या घाटावर जाऊन बसले. माझ्यासारखी आणखी पंधरा-वीस माणसे होती. कोणी कोणाला बोलावले नव्हते.

ऊन चढले. दोघेचौघे उठून गेले. मुले खाली वाळूत खेळतच होती. साडेदहाच्या सुमारास पश्चिमेकडून एक म्हातारा काठाने चालत आला आणि हात वर करून काहीतरी ओरडला. मला वाटले होते, पाण्याचा लोंढा येईल, आवाज होईल. तसे काही झाले नाही. वाळूवरून एक तपकिरी, फेसाळ जीभ सरकत आली. तिच्या पुढच्या टोकाला वाळलेली पाने, काटक्या, प्लास्टिकच्या बाटल्या, कोणाची तरी एक चप्पल. जीभ खड्ड्यात उतरायची, तिथे थांबायची, खड्डा भरला की पुढे निघायची. तापलेल्या वाळूतून बारीक बुडबुडे येत आणि चर्रर्र असा आवाज होई. मुलांनी दांड्या उपटल्या, दहा पावले मागे नेऊन रोवल्या. पाच मिनिटांनी पुन्हा उपटल्या. मग खेळ सोडून ती पाण्यापुढे उलटी चालू लागली. कोठूनसे बगळे आले. माझ्या शेजारच्या बाईने कनवटीची हळद-कुंकवाची पुडी सोडली, पायऱ्या उतरून त्या गढूळ धारेत सोडली आणि ओला हात डोळ्यांना लावला. वर येताना तिने थोडे कुंकू माझ्याही कपाळाला लावले. मी कुंकू लावत नाही हे तिला ठाऊक नव्हते. मी ते पुसले नाही.

परतताना बसमध्ये वाहकाने विचारले, "तण्णी वंदाच्चा?" मी म्हणाले, "वंदाच्चु!" आली. मागच्या बाकावरच्या दोन बायका पुढे वाकून विचारू लागल्या, कुठवर?

पुढचे दिवस भराभर गेले. ज्या पुलांखाली मी वाळू मोजली होती त्या एकेका नदीत पाणी आले. सगळ्या एकदम भरल्या नाहीत, एकीला दोन दिवस आधी, एकीला चार दिवस नंतर. रेल्वेच्या खिडकीतून दिसणारी ती तांबूस-करडी शेते आधी आरसे झाली आणि मग हिरवी. उळवन एक्स्प्रेसचे नाव आता समजले. शेतकऱ्याच्या खेड्यात लावणीच्या दिवशी मी गेले, चिखलात उतरले, अर्ध्या तासात कंबर धरून बांधावर बसले. दारासुरम आणि गंगैकोंडचोळपुरम इथली चोळांची मंदिरेही याच महिन्यात पाहिली. ती भव्य आहेत, परंतु त्यांच्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे.

ऑगस्टच्या तीन तारखेला आडी महिन्याचा अठरावा दिवस आला. त्या दिवशी स्त्रिया कावेरीच्या काठी जातात. नदी गर्भार आहे असे मानून तिला ताडपत्राची कर्णभूषणे, काळे मणी, हळदीचा दोरा आणि फळे वाहतात आणि चिंचेचा, लिंबाचा, खोबऱ्याचा, दह्याचा असे निरनिराळे भात काठावर बसून खातात. आजींना चालवत नव्हते. आम्ही रिक्षा केली. घाटावर इतकी गर्दी होती की महिन्यापूर्वी मी जिथे बसले होते ती पायरी पाण्याखाली की माणसांखाली, हे कळेना. आजींनी शेवटच्या पायरीवर बसून पाण्यात पाय सोडले आणि तमिळमध्ये काहीतरी पुटपुटल्या. मी विचारले, "काय म्हणालात?" त्या म्हणाल्या, "ते मराठीत येत नाही मला."

भिंतीवरचा लेख माझा पुरा झाला नाही. निम्म्यालाही पोहोचले नाही. ज्या सकाळी निघायचे होते त्या दिवशीही दोन ओळी वाचल्या. पहारेकरी म्हणाला, "राजाचे पणजोबा झाले का?" म्हटले, "अजून नाही." त्याने मान हलवली.

सप्टेंबरात मी सोलापूरहून शेतकऱ्याला दूरध्वनी केला. त्या वर्षी कावेरीच्या वरच्या खोऱ्यात पाऊस कमी झाला होता. मेट्टूरची पातळी उतरत चालली होती आणि कालव्यांना पाणी पाळीपाळीने मिळत होते. पुढे ऑक्टोबरातच धरणाची दारे मिटली, जानेवारीची वाट न पाहता. पण आम्ही बोललो तेव्हा ते अजून व्हायचे होते. त्याची कुरुवै निसवण्याच्या बेतात होती. मी विचारले, "तण्णी वंदाच्चा?"

"इन्नुम् इल्लै, टीचर अम्मा," तो म्हणाला. अजून नाही.

थोडा वेळ दोन्हीकडे कोणी बोलले नाही. मग त्याने सावकाश, मला समजावे म्हणून एकेक शब्द सुटा करून विचारले, तुमच्या गावात? त्या वर्षी आमच्याकडेही ऑगस्ट कोरडा गेला होता आणि उजनी भरली नव्हती.

"इन्नुम् इल्लै," मी म्हणाले.